केमोच्या आधी माणसांत कामं वाटून टाक

स्तनाचा कॅन्सर निघाला तेव्हा मी 31 वर्षांची होते. पहिल्या आठवड्यात सगळं आईलाच सांगत बसले. तिनं रिपोर्ट देव्हाऱ्यात ठेवला आणि धड जेवेनाशी झाली. सगळा आधार एकाच माणसाकडे मागायचा नसतो, हे तेव्हा कळलं.

म्हणून एक वही कर. डावीकडे नाव, उजवीकडे काम. माझ्या वहीत आईकडे मऊ भात-मेतकूट, दादाकडे पैसे आणि फाइल, आणि रात्री नवऱ्याकडे थर्मामीटर. केमोच्या दिवसांत ताप 38 सेल्सिअसला पोचला तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा, हे त्याला पाठ होतं. मावशीला काहीच काम दिलं नाही. ती फोनवर रडायची आणि समजूत मी काढायचे!

डॉक्टरांसमोर मात्र मैत्रीण ने. तिथं आपल्या डोक्यात काही शिरत नाही. ती विचारेल, लिहून घेईल. माझ्या मैत्रिणीचा सातवा प्रश्न होता, "हिला पुढे मूल हवं असेल तर?" तोवर मला याबद्दल कुणी चकार शब्द सांगितला नव्हता. स्त्रीबीजं गोठवायला साधारण दोन आठवडे लागतात आणि ते केमोच्या आधी करायचं असतं. लग्न व्हायचंय, मुलाचं ठरलेलं नाही, तरी विचार. कमी वयात झालाय, तर बीआरसीए जनुकांची (त्यांतला दोष घराण्यात उतरतो आणि या कॅन्सरचा धोका वाढवतो) तपासणी करायची का, हेही विचार.

पैशांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. योजनेतल्या रुग्णालयात मदतीला आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड, आधार घेऊन दादाला धाड. परळच्या टाटाला गेलीस तर तिथल्या समाजसेवा विभागात आधी जा.

आणि आपल्यासारखी दुसरी बाई शोध. मला ती लोकलमध्ये भेटली. दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या रुग्णांनाही बसता येतं, पण माझा विग बघून एक काका म्हणाले, "तुम्हाला काय झालंय?" मी फाइल उघडेपर्यंत शेजारच्या ताईंनी सरकून जागा केली. त्याही परळलाच निघाल्या होत्या. ऑपरेशनमध्ये स्तन काढल्यावर ब्रामध्ये आतून सुती कप्पा शिवून त्यात मोहरीची पुरचुंडी ठेवतात, हे त्यांनी सांगितलं. नुसता कापूस हलका पडतो, ब्रा वर सरकते. मोहरीनं वजन येतं. जखम पूर्ण भरल्यावरच हे करायचं.

भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायामही त्यांनीच पुन्हा सुरू करायला लावला. मी कंटाळून सोडला होता. दाराच्या चौकटीवर भाच्याच्या उंचीच्या खुणा होत्या, शेजारी मी पेन्सिलीनं माझ्या करू लागले. तू मात्र ऑपरेशनची नळी आणि टाके असेपर्यंत हात कुठवर न्यायचा ते फिजिओथेरपिस्टकडून ठरवून घे, मग पेन्सिल उचल.