व्हॅनच्या काचा काढून पत्रा मारताय? या चुका टाळा

आमच्या पुण्यातल्या नऱ्ह्याच्या शेडमध्ये पूर्वी ठोकलेले दरवाजे यायचे. आता जुनी ट्रॅव्हलर, ओम्नी, क्वचित एखादी मॅटाडोर येते आणि मालक म्हणतो, "मागच्या खिडक्या बंद करायच्यात." कुणाला केटरिंगची भांडी न्यायचीत, कुणाला आत पलंग टाकून कोकणात हिंडायचंय. काम दिसायला सोपं. काच काढा, मापाचा पत्रा कापा, वेल्डिंग मारा, रंग द्या. म्हणून बरेच जण आधी घरीच करून बघतात आणि मग बिघडलेलं घेऊन येतात. दुसऱ्याचं केलेलं उपटायला मला नव्या कामापेक्षा दुप्पट वेळ लागतो, आणि तसे पैसे सांगितले की समोरच्याचा चेहरा उतरतो. त्याच त्याच चुका बघून कंटाळलो, म्हणून एकदाचं लिहून टाकतोय.

एका दमात वेल्डिंग ओढणे

ही चूक मी स्वतः केलेली आहे, त्यामुळे हक्काने बोलतो. भवानी पेठेत एका उस्तादांकडे शिकत होतो. मॅटाडोरची एक खिडकी बंद करायची होती. पत्रा बसवून चार कोपऱ्यांत वेल्डिंगचे टाके मारून उस्ताद जेवायला गेले. मला वाटलं, ते येईपर्यंत पुरं करून दाखवू. तेव्हा आमच्याकडे सगळं गॅसवर चालायचं. एका कोपऱ्यातून सुरुवात केली आणि सरळ ओढत निघालो. वेल्डिंगची झाळ अशी सुरेख पडत होती, माशाच्या खवल्यांसारखी, की थांबवेना. तीन बाजू झाल्या तोवर चौथ्या बाजूला पत्रा मधोमध उचलून फट पडली होती. ती पकडीने दाबली आणि झाळून टाकली.

गार होताना पत्रा एकदा टण्णकन वाजला. थोड्या वेळाने पुन्हा. उस्ताद हात पुसत आले, काही न बोलता पत्र्याच्या मध्यावर तळहात टेकवून दाबला. टक, आत. हात काढला, टक, बाहेर. पाच-सहा वेळा तसं केलं आणि म्हणाले, "अरे, हा तर जत्रेतला बेडूक केलास!" पुढचे दोन दिवस तो बेडूक मारण्यात गेले आणि शेवटी पत्रा कापूनच काढावा लागला.

असं का होतं ते समजून घ्या, नाहीतर नुसते नियम लक्षात राहत नाहीत. पोलादाची एक मीटर पट्टी १०० अंशांनी तापली तर साधारण १.२ मिलिमीटर लांब होते. वेल्डिंगखालचा पत्रा वितळतो म्हणजे १,५०० अंशांच्या आसपास जातो. त्याला पसरायचं असतं, पण भोवतालचा गार पत्रा जागा देत नाही. मग तो जागच्या जागी जाड होतो, आणि गार होताना पूर्वीपेक्षा आखूड होऊन बसतो. चारही कडा आखूड झाल्या आणि मधला पत्रा होता तेवढाच राहिला, की तो जादा पत्रा जाणार कुठे? फुगतो किंवा खपाटीला जातो. तुमचा हात कितीही चांगला असो, झाळ कितीही सुरेख पडो, यातून सुटका नाही.

माझी पद्धत म्हणाल तर एक टाका वरच्या कडेला, दुसरा समोरच्या खालच्या, तिसरा डावीकडे, चौथा उजवीकडे. असे फिरत फिरत इंचाइंचावर टाके पडले की मग मधल्या जागा भरायच्या, त्याही तशाच उड्या मारत. पुढचा टाका मारण्याआधी आधीच्या टाक्याजवळ उलटा हात टेकवून बघतो. चटका बसला तर थांबतो. दोन फूट बाय दीड फुटाच्या खिडकीचा घेर सात फूट, म्हणजे चौऱ्याऐंशी टाके, आणि ही नुसती पहिली फेरी. एका खिडकीला माझा जवळपास पूर्ण दिवस जातो. गाडीला चार खिडक्या असतील तर मी चारही एकदम लावून घेतो आणि एक गार होईस्तोवर दुसरीकडे जातो. ओलं फडकं लावून गार करायची काहींना सवय असते. मला ती पसंत नाही. एकाएकी गार केलेला पत्रा जास्त आकसतो, आणि सांध्यात ओल राहिली तर पुढचा टाका भोकाभोकांचा होतो.

बेडूक झालाच असेल तर मध्यावर हातोडी मारत बसू नका. आकसलीय ती कड, ताणायची ती कड. वेल्डचा उंचवटा ग्राइंडरने थोडा उतरवा, मागून डॉली, म्हणजे हातात मावणारा लोखंडी ठोकळा, धरा आणि झाळेवर हलक्या हाताने ठोकत जा. दर दोन-तीन इंचांनी मध्यावर तळहात ठेवून बघा. कितीतरी वेळा तेवढ्यानेच पत्रा शांत होतो. मध्यावर ठिपक्याएवढी जागा लाल तापवून पत्रा आकसवणं हा शेवटचा उपाय. लोक नेमका तोच आधी करतात.

सपाट पत्रा, पोटवाली गाडी

गाडीच्या बाजूवर उभी सरळपट्टी धरून बघा. खालून वर येताना बॉडी आत झुकलेली दिसेल, तिला थोडं पोट असतं. त्या जागी तुम्ही सपाट पत्रा मारलात तर उन्हात लांबूनही कळतं की इथे खिडकी होती. शिवाय सपाट पत्रा ढोलासारखा वाजतो. मी आधी पुठ्ठ्याचा साचा काढतो, त्यावरून पत्रा कापतो आणि जाड पाइपावर दाबत दाबत त्याला किंचित बाक देतो. बाक आला की तोच पातळ पत्रा कडक होतो. हे जमत नसेल तर भोसरीत पत्राकाम करणाऱ्या शॉपमधून पत्र्याला दोन आडव्या नळ्या, म्हणजे उठावाच्या पन्हळी, पाडून आणा. दिसायला मालगाडीसारखं दिसतं खरं, पण वाजत नाही.

पत्रा घ्यायचा तो सीआरसीए, म्हणजे जस्त न चढवलेला गुळगुळीत साधा पत्रा, २० गेज, म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर. "जाड घेतला तर मजबूत होईल ना काका?" असं विचारतात. नाही होत. १८ गेजचा पत्रा बाजूच्या पातळ बॉडीला जोडायला गेलात तर पत्रा तापेपर्यंत बॉडीला भोक पडतं. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला पत्रा, स्वस्तात मिळाला म्हणून आणणारे वेगळेच. जस्त ९०७ अंशांना उकळतं, पोलाद वितळायच्या खूप आधी. तो पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. दूध प्यायलं की उतरतं म्हणतात, त्यावर विसंबू नका. घरात दुसरा पत्राच नसेल तर कडेचं जस्त दोन इंच आतपर्यंत घासून काढा, मोकळ्या हवेत बसा आणि धुरासाठीचा मास्क लावा. तोंडाला रुमाल बांधणं म्हणजे मास्क नव्हे.

आणि फट! पत्रा कमी कापला गेला की "वायरने भरून घेऊ" म्हणतात. फट भरायला वेल्डिंगची जेवढी वायर, तेवढी उष्णता, आणि पुन्हा तोच बेडूक. हॅकसॉ ब्लेडचा तुकडा सांध्यात जेमतेम सरकेल एवढीच फट मी ठेवतो. जास्त झाली तर नवा पत्रा कापतो. पत्रा स्वस्त आहे.

लांबी म्हणजे बॉडी नव्हे

सिंहगड रस्त्यावरचे एक केटरर ट्रॅव्हलर घेऊन आले होते. गणपतीच्या आधी घाई म्हणून कुणाकडून तरी एका दुपारी चार खिडक्या बंद करून घेतलेल्या. पत्रे अर्थातच लाटांसारखे झाले. मग त्यावर लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरली, घासली, रंग मारला. डिलिव्हरीच्या दिवशी गाडी आरशासारखी दिसत होती म्हणे. साताऱ्याच्या ऑर्डरीला कात्रजचा घाट दोन-चारदा चढून-उतरून झाला आणि एका बाजूने पापडी सुटायला लागली. मी छिन्नीने एक तुकडा उचकटला तर तो माझ्या अंगठ्याएवढा जाड निघाला, आणि त्याच्या मागे पत्रा ओला, गंजलेला. वरून कीर्तन, आतून तमाशा.

लांबी दोन-तीन मिलिमीटरच्या वर गेली की समजावं, पत्र्याचं काम राहिलंय. परत हातोडी उचलावी. आणि लांबी पाणी अडवत नाही, उलट पिते. उघडी लांबी पावसाळ्यात रात्रभर ठेवू नका.

रबराखालचा गंज

दुसरी माझी नावडती चूक. काच निघाली, रबर निघालं, खाली चौकट दिसते. वरच्या कडेला बहुतेक रंग शाबूत असतो, पण खालचे दोन कोपरे बघा. रबर वाळून कडक झालेलं असतं, त्याखाली पावसाचं पाणी वर्षानुवर्षं साठलेलं. लोक वरवर घासतात, चकाकी आली की पत्रा ठेवून वेल्ड मारतात. मग भोक पडतं. भोक बुजवायला गेलं की शेजारी मोठं भोक. मशीन खराब आहे, वायर खराब आहे, सगळं म्हणून होतं. तिथे पत्राच उरलेला नाही, हे कुणी म्हणत नाही.

मी टोच्या घेऊन बसतो. जिथे टोच्या आत जातो तिथून पुढे ठणठणीत पत्रा लागेपर्यंत कापतो, मग खिडकी चार इंच मोठी झाली तरी चालेल. मालक शेजारी उभा राहून कळवळतो, "अहो, एवढं कशाला कापताय?" तेव्हा कापलेला तुकडा त्याच्या हातात देतो. बोटांनी चुरा होतो.

जोड कसा घ्यायचा यावरही दोन तट आहेत, कडेला कड भिडवणारे आणि पत्रा चौकटीवर चढवणारे. पत्रा चौकटीवर चढवून मारला तर वेल्डिंग सोपं जातं, पण दोन पत्र्यांमध्ये एक चिंचोळी खाच तयार होते आणि त्यात ओल राहते. तसं करणारच असाल तर दोन्ही आतल्या बाजूंना जस्ताचा वेल्डिंग-प्रायमर मारा, बाहेरून सीलर भरा आणि आतून पोकळीत मेणाचा फवारा द्या. जळकं ऑइल चोपडू नका. ते सीलरला चिकटू देत नाही, आणि पुढे कुणी तिथे वेल्डिंग काढलं तर पेट घेतं. सीलर घेताना व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन नको. तो पत्रा गंजवतो आणि त्यावर रंग धरत नाही. पीयू (पॉलियुरेथेन) सीलर घ्या.

रंगाआधी सांधा तपासा. ताम्हिणीच्या पावसातून गेलेल्या एका गाडीच्या मालकाचा माणगावहून फोन आला होता, गादी भिजली म्हणून. सांधा डोळ्यांना अखंड दिसत होता. तेव्हापासून माझी सवय अशी: बाहेरून सांध्यावर खडूची पूड पाण्यात कालवून लावायची, वाळू द्यायची, आणि आतून ब्रशने रॉकेल फिरवायचं. अर्ध्या तासात जिथे सुईएवढं भोक असेल तिथे खडूवर ओला डाग उठतो. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर. हल्ली रॉकेल मिळायची मारामार, म्हणून डिझेल वापरतो. ते हळू पाझरतं, तेव्हा रात्रभर ठेवतो. नंतर थिनरने कसून पुसा, नाहीतर रंगाला डोळे, म्हणजे बारीक खळगे, पडतील.

एकेका ओळीत

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढल्याशिवाय वेल्डिंगला हात लावू नका. अर्थचा चिमटा वेल्डच्या शेजारी लावा, चाकाला किंवा अ‍ॅक्सलला नाही, बेअरिंगमधून करंट गेला तर ती आवाज करायला लागतात.

ग्राइंडरच्या ठिणग्या समोरच्या काचेत रुततात आणि पुन्हा निघत नाहीत, ओलं पोतं टाका.

आतलं अस्तर, फोम, वायरिंग दोन फूट लांबपर्यंत काढा. आत पाण्याची बादली घेऊन माणूस बसवा, आणि काम संपल्यावरही अर्धा तास गाडी सोडून जाऊ नका. गॅसकिटची ओम्नी असेल तर टाकी आधी जाणकाराकडून उतरवून घ्या.

दोन खिडक्यांमधला खांब कापून एकच मोठा पत्रा मारायची अक्कल लढवू नका, छत त्याच खांबांवर उभं आहे.

रॉडच्या आर्क वेल्डिंगने २० गेज जोडता येतो असं सांगणाऱ्याला आधी त्याच्या गाडीवर करून दाखवायला सांगा.

कागद

हे शेवटी लिहितोय, पण करायचं सगळ्यात आधी. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणीतले तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलांशी जुळणार नाहीत असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. प्रवासी गाडीच्या खिडक्या बंद करून तिची मालवाहू किंवा राहायची गाडी करणं यातच येऊ शकतं. आधी संगम पुलाजवळच्या आरटीओत जाऊन विचारा, परवानगी लागत असेल ती लेखी घ्या, विमा कंपनीलाही कळवा, आणि मग ग्राइंडर काढा. आणीबाणीत बाहेर पडायची खिडकी असेल तर तिला अजिबात हात लावायचा नाही. "सगळेच करतात" हे उत्तर मला देऊ नका, मी काम घेत नाही.

एक राहिलंच. काढलेल्या काचा आणि बरी असलेली रबरं भंगारात घालू नका. एका मॅटाडोरवाल्यांच्या दोन्ही बाजू मी बंद करून दिल्या होत्या. काचा ठेवा म्हणालो तर म्हणाले, घरात जागा नाही. तिसऱ्या वर्षी परत आले. आत झोपलं की गुदमरल्यासारखं होतं, एक खिडकी उघडून द्या. पत्रा मी दोन तासांत कापला. काचेसाठी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात तीन रविवार फिरलो, आणि मिळाली ती एका कोपऱ्यात टवका उडालेली.