जुना ट्रस पूल बघायचा कसा

जुना लोखंडी ट्रस पूल (म्हणजे लोखंडी तुकडे त्रिकोणांत जोडून केलेल्या सांगाड्याचा पूल) दिसला की लोक वर जाऊन फोटो काढतात आणि पुढे निघतात. खरं बघायचं असेल तर आधी खाली काठावर जा, जिथून अख्खा पूल बाजूने दिसेल तिथे उभे रहा, कारण वरून नुसती लोखंडाची गर्दी दिसते आणि बाजूने कळतं की कुठला तुकडा कशासाठी लावलाय.

पहिल्यांदा तिरपे मेंबर, म्हणजे सांगाड्याचे तिरपे तुकडे, बघा. दोन्ही टोकांना जे जाडजूड तिरपे खांब असतात ते सध्या सोडून द्या. बाकीचे पुलाच्या मध्याकडे जाताना खाली उतरतायत का? मग तो प्रॅट प्रकारचा ट्रस, थॉमस प्रॅट आणि त्याचे वडील केलेब यांचं 1844 चं पेटंट. मध्याकडे वर चढतायत तर हाऊ, तो 1840 चा. आणि नुसते उलटे-सुलटे त्रिकोण एकाला एक लागून असतील तर वॉरन, 1848 चा.

प्रॅटची गंमत नीट समजून घ्या, जुने पूल बघताना हीच गोष्ट सगळ्यात जास्त कामाला येते. पातळ पट्टी दोन्ही टोकांनी दाबली की मधेच वाकते, पण ओढली तर काही होत नाही. आणि पट्टी जितकी लांब तितकी लवकर वाकते. प्रॅटमध्ये लांब तिरप्या मेंबरवर ताण येतो आणि दाब येतो आखूड उभ्यांवर, म्हणून तिरपे सडपातळ ठेवता आले आणि लोखंड वाचलं. अशा पुलात जाड दिसेल तिथे बहुतेक दाब, बारीक दिसेल तिथे ताण, हे लक्षात ठेवून परत एकदा पुलावर नजर फिरवा, सगळा पूल वाचता येतो. मधल्या एक-दोन खणांत (दोन उभ्या मेंबरमधली जागा म्हणजे खण) बारीक सळयांची फुली दिसली तर ती शोभेची नाही. गाडी पूल ओलांडताना तिथला भार उलटसुलट होतो, त्यासाठी आहे ती.

मग जवळ जा. जाड मेंबर अख्खा ओतीव नसतो, दोन चॅनेल (पन्हळीसारखे लांब लोखंडी तुकडे) समोरासमोर ठेवून मधे आडव्यातिडव्या पट्ट्यांची जाळी मारलेली असते आणि प्रत्येक पट्टीच्या टोकाला गोल डोक्याचा रिवेट. मला जुन्या पुलांमधलं सगळ्यात सुंदर काम हेच वाटतं, कमी लोखंडात ताठपणा आणलाय आणि तो डोळ्यांना दिसतो. गोल डोक्यांच्या रांगेत मधेच षटकोनी नट दिसला तर तिथे नंतर दुरुस्ती झालीय असं धरून चाला. चॅनेलवर उठावाची अक्षरं पण शोधा, कार्नेगी किंवा डॉर्मन लाँग अशी पोलाद कारखान्याची नावं कधीकधी सापडतात.

सांधा पिनचा की रिवेटचा तेही बघा. पिनचा असेल तर एका जाड दांड्यावर टोकाला डोळा, म्हणजे गोल भोक, असलेल्या पट्ट्या ओवलेल्या दिसतात, त्यांना आयबार म्हणतात, आणि एका जागी किती आहेत ते मोजा. अमेरिकेतला सिल्व्हर ब्रिज (तो झुलता पूल होता, ट्रस नव्हे, पण साखळी आयबारचीच) 1967 मध्ये कोसळला आणि 46 माणसं गेली. प्रत्येक कडीत दोनच आयबार होते, त्यातल्या एकाला डोळ्यापाशी तडा गेला आणि दुसऱ्याला एकट्याला भार पेलवला नाही.

शेवटी पायापाशी. बऱ्याच पुलांचं एक टोक पक्कं असतं आणि दुसऱ्या टोकाखाली रोलर असतात, कारण 100 मीटरचं पोलाद तापमान 40 अंशांनी वाढलं की जवळपास 5 सेंटिमीटर लांबतं. रोलर माती-गंजाने जाम झालेत का ते वाकून बघा. आणि रंगाचे पोपडे नखाने काढत बसू नका, जुन्या पुलांना खाली शेंदरी रंगाचा हात असतो, त्यात शिसं असतं.