कुंडीतला टोमॅटो फसतो कुठे? पुण्यातल्या गच्चीवर टाळण्याजोग्या चुका

2023 च्या जुलैमध्ये टोमॅटोचा भाव किलोमागे शंभर रुपयांच्या वर गेला, तेव्हा कोथरूडमधल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर आठवड्याभरात नऊ बादल्या मांडल्या गेल्या. नारायणगावचा टोमॅटोचा बाजार आपल्याच जिल्ह्यात असताना टोमॅटो नगावर मोजून घ्यावे लागतात, हा रागही त्यामागे होता. सप्टेंबर उजाडेपर्यंत त्यांपैकी सहा बादल्यांत नुसत्या काठ्या उरल्या होत्या आणि प्रत्येकाच्या हातात कुठल्या ना कुठल्या औषधाची बाटली होती. रोग नव्हता असे नाही. परंतु कुंडीतल्या टोमॅटोच्या बहुतेक तक्रारींचे मूळ लागवडीच्या महिन्यात, कुंडीच्या आकारात आणि पाणी देण्याच्या सवयीत असते, असा माझा अनुभव आहे. फवाऱ्याला हात घालण्यापूर्वी या तीन गोष्टी तपासल्या, तर निम्म्या बाटल्या विकत घ्याव्या लागत नाहीत.

चुकीचा महिना, चुकीची बाल्कनी

टोमॅटोच्या फुलाला दिवसाचे तापमान 21 ते 30 अंश सेल्सिअस आणि रात्रीचे 15 ते 20 अंशांच्या आसपास मानवते. दिवसा पारा 35 च्या वर राहू लागला आणि रात्रीचा उकाडाही हटेनासा झाला, की परागकण निकामी होतात आणि फूल देठाच्या सांध्यापाशी पिवळे पडून गळते. फेब्रुवारीअखेर नर्सरीतून हौसेने आणलेले रोप फुलावर येते ते एप्रिलमध्ये, म्हणजे नेमका पुण्याचा पारा चाळिशीकडे सरकत असताना. त्या वेळी खत वाढवून काहीही साधत नाही. शेतकरी उन्हाळी टोमॅटो घेतात, मग आपल्याला का जमू नये, असा प्रश्न हमखास विचारला जातो. शेतातल्या रोपाची मुळे जमिनीच्या थंडाव्यात खोल गेलेली असतात आणि त्याला आच्छादन व ठिबक सिंचनाचा आधार असतो. तापलेल्या स्लॅबवरच्या काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत मात्र मुळे चहूबाजूंनी शेकली जातात.

पावसाळ्याची अडचण निराळी आहे. पाने दिवसभर ओली राहिली की खालच्या पानांवर एकात एक वर्तुळे असलेले तपकिरी डाग पडतात, हा लवकर येणारा करपा होय. आमच्या सहा बादल्या उघड्या पावसात होत्या, उरलेल्या तीन पाण्याच्या टाकीशेजारच्या छपराखाली होत्या, एवढाच काय तो फरक होता. घरच्या बागेसाठी पुण्यात सर्वांत सोयीचा क्रम म्हणजे ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरमध्ये बी पेरावे, 25 ते 30 दिवसांचे रोप मोठ्या कुंडीत हलवावे आणि डिसेंबर ते फेब्रुवारी फळे काढावीत. कडाक्याच्या थंडीत रात्रीचे तापमान दहा अंशांच्या खाली गेल्यावर काही दिवस फळधारणा थांबते, पण ती गारठा ओसरताच पुन्हा सुरू होते, म्हणून तेव्हा झाड उपटण्याची घाई करू नये.

उन्हाचा हिशोबही महिन्यानुसार बदलतो आणि इथे पुष्कळ जण फसतात. पुणे साडेअठरा अक्षांशांवर असल्यामुळे डिसेंबरच्या उत्तरार्धात दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कलून क्षितिजापासून सुमारे 48 अंशांवर असतो आणि दक्षिणेकडच्या बाल्कनीत ऊन पार दारापर्यंत पोहोचते. मेच्या मध्यावर, शून्य सावलीच्या दिवसाच्या सुमारास, तोच सूर्य थेट डोक्यावर येतो आणि वरच्या मजल्याच्या स्लॅबमुळे त्याच बाल्कनीत दुपारचा कवडसासुद्धा पडत नाही. तेव्हा मे महिन्यात पाहून ‘आमच्याकडे ऊनच नाही’ असा निष्कर्ष काढू नये. झाड ज्या महिन्यांत वाढणार आहे, त्या महिन्यांत तिथे किमान सहा तास थेट ऊन मिळते का, एवढेच पाहावे.

कुंडी, माती आणि तळाशी घातलेल्या विटा

शोभेच्या आठ इंची कुंडीत टोमॅटो लावणे म्हणजे रोज त्याची तहान भागवण्याची नोकरी पत्करणे होय. एका झाडाला 15 ते 20 लिटर मातीची जागा द्यावी. रंगाची 20 लिटरची रिकामी बादली स्वच्छ धुऊन, तळाला आणि तळालगतच्या बाजूंना छिद्रे पाडून घेतली की काम भागते. तळाशी चार बोटे विटांचे तुकडे किंवा खडी घालण्याची आपल्याकडची जुनी सवय मात्र सोडून द्यावी. बारीक मातीतले पाणी जाड खडीत सहजासहजी उतरत नाही, वरची माती पुरती भिजेपर्यंत ते सीमेवरच अडून राहते, आणि त्यामुळे निचरा सुधारण्याऐवजी चिखलाचा थर मुळांच्या अधिक जवळ येतो. छिद्रावर एक खापरी पुरे.

निव्वळ काळी माती वापरू नये. ती भिजली की चिकटते आणि सुकली की आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते, मग वरून ओतलेले पाणी त्या फटीतून थेट ताटलीत उतरते आणि आपण भरपूर पाणी दिले असा आपला समज होतो. पोयटा माती, चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट समप्रमाणात घेऊन त्यात दोन मुठी निंबोळी पेंड मिसळावी. रोप लावताना खालची पाने खुडून खोड वरच्या पानांपर्यंत मातीत गाडावे, कारण टोमॅटोच्या खोडाला मुळे फुटतात.

मंडईतून आणलेल्या टोमॅटोचे बी पेरणे गंमत म्हणून ठीक आहे. बाजारातला बहुतेक माल संकरित वाणांचा असल्यामुळे पुढच्या पिढीत आईबापांचे गुण तसेच उतरत नाहीत. पर्णगुच्छाचा, म्हणजे विषाणूमुळे शेंड्याची पाने सुरकुतण्याचा, त्रास दरवर्षी होत असेल, तर बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ पाहावा. तो पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना प्रतिकारक आहे. नवख्याने मात्र चेरी टोमॅटोपासून सुरुवात करावी, असे मी सांगेन, कारण तो बऱ्याच चुका पोटात घालतो.

बुड काळे पडलेले फळ

फळ लिंबाएवढे झाले, हिरवेगार दिसते आहे, आणि उचलून पाहावे तर खालच्या टोकाला रुपयाएवढा काळपट, चामड्यासारखा सुकलेला, किंचित आत दबलेला डाग आहे, हे दृश्य ज्याने पाहिले नाही असा कुंडीतला टोमॅटोवाला विरळा. पहिल्या वर्षी मी त्यावर बुरशीनाशक फवारले होते. तो रोग नसून फळाच्या टोकाला कॅल्शियम न पोहोचल्याचा परिणाम आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळले. कॅल्शियम झाडात पाण्याबरोबरच वर चढते. पाने बाष्पोत्सर्जनाने पाणी ओढून घेतात आणि फळाचे टोक सर्वांत शेवटी उरते, त्यामुळे कुंडी दोन दिवस कोरडी आणि तिसऱ्या दिवशी तुडुंब असा प्रकार चालू राहिला, तर मातीत भरपूर कॅल्शियम असूनही ते फळाला मिळत नाही.

अंड्याची टरफले कुंडीत खोचण्याचा उपाय म्हणूनच निष्फळ ठरतो; ती विरघळायला महिनोन् महिने लागतात आणि मुळात उणीव बहुधा पाण्याच्या नियमिततेची असते. एप्सम सॉल्ट तर त्याहून उलटे पडू शकते, कारण त्यातले मॅग्नेशियम कॅल्शियमच्या शोषणात अडथळा आणते. डाग पडलेली फळे काढून टाकावीत, मातीवर दोन बोटे जाड पाचट किंवा वाळलेला पाला पसरावा, आणि बोट दोन पेरांपर्यंत मातीत घालून ते कोरडे निघाले तरच, पण मग तळातून पाणी झिरपेपर्यंत, सावकाश पाणी द्यावे. पुढचा घोस बहुधा निर्मळ येतो. दिवाळीत चार दिवस गावी जाऊन आल्यावर मी अपराधी भावनेने एकेका बादलीत अर्धी कळशी रिकामी केली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पिकत आलेली अकरा फळे देठापासून खाली उभी तडकलेली आढळली. तहानलेल्या झाडाला एकदम पाजलेल्या पाण्याने फळाचा गर सालीपेक्षा वेगाने फुगतो, म्हणून असे होते.

झाड डेरेदार, पाने गडद हिरवी आणि फुलांचा पत्ता नाही, अशी तक्रार असेल, तर नत्र जास्त झाले आहे. युरिया किंवा कोंबडीखत थांबवावे.

पान वळले म्हणजे विषाणू नव्हे

खालची जुनी पाने कडेने वर वळून द्रोणासारखी झाली असतील आणि शेंडा टवटवीत असेल, तर ते उन्हाचे, वाऱ्याचे किंवा पाण्याचे गाऱ्हाणे आहे. त्याला औषध नको. शेंड्याची नवी पानेच बारीक, सुरकुतलेली, कडेने पिवळी निघत असतील आणि झाड खुजे राहिले असेल, तर तो पांढरी माशी पसरवते तो पर्णगुच्छ होय, आणि त्यावर इलाज नाही. असे झाड पिशवीत बांधून टाकून द्यावे. पांढरी माशी येण्याआधीच पिवळे चिकट सापळे लावावेत आणि आठवड्यातून एकदा सायंकाळी, लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल व थोडे साबणाचे पाणी मिसळून पानांच्या खालच्या बाजूला फवारावे.

पानात पोकळ, पारदर्शक चट्टे आणि फळाच्या देठाजवळ सुईच्या टोकाएवढी भोके दिसली, तर टुटा नावाच्या अळीचा संशय घ्यावा. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही कीड भारतात 2014 मध्ये प्रथम आढळली ती पुणे परिसरातच. चट्टे पडलेली पाने अळीसकट तोडून पिशवीत बंद करणे हा घरच्या बागेपुरता सर्वांत चांगला उपाय आहे. आणखी एक गोष्ट सांगायला थोडा संकोच वाटतो, तरी सांगतो: तंबाखू मळलेल्या हातांनी टोमॅटोला स्पर्श करू नये आणि माळीबुवांनाही साबणाने हात धुण्याची विनंती करावी, कारण तंबाखूवरचा मोझॅक विषाणू हातावाटे टोमॅटोत जातो.

उंच मजल्यावर फुले येऊनही फळ धरत नसेल, तर वारा आणि भुंगे कमी पडतात. टोमॅटोचे फूल स्वतःच्याच परागांवर फळते, मात्र ते झटकले जावे लागतात. सकाळी दहाच्या सुमारास फुलांच्या घोसाला मागून टिचक्या माराव्यात. मार्च-एप्रिलमध्ये फळे लाल न होता पिवळट-नारिंगी राहतात, कारण तापमान 30 अंशांपुढे गेल्यावर लाल रंगद्रव्य नीट तयार होत नाही. रंग पालटू लागताच ती तोडून घरात, फ्रिजबाहेर, सावलीत ठेवावीत.

हंगाम संपल्यावर तीच माती पुन्हा टोमॅटो, मिरची किंवा वांग्यासाठी वापरणे ही शेवटची आणि सर्वाधिक घडणारी चूक आहे, कारण तिन्ही एकाच कुळातली असून रोगांचे घरही एकच. मेमध्ये ती माती गच्चीवर वीतभरापेक्षा कमी जाडीच्या थरात पसरावी, ओली करावी, पारदर्शक प्लॅस्टिकने झाकून कडा विटांनी दाबाव्यात आणि चार ते सहा आठवडे तशीच तापू द्यावी. पावसाच्या तोंडावर ती पुन्हा बादल्यांत भरून पहिले पीक चवळी किंवा मेथीचे घ्यावे, आणि सप्टेंबरातल्या टोमॅटोसाठी दुसऱ्या बादल्या तयार ठेवाव्यात.