तान्ह्या बाळाला घेऊन अमेरिकेहून भारतात: लांबच्या विमानप्रवासाची तयारी

बाळ चार-पाच महिन्यांचं झालं की पुणे, नाशिक, कोल्हापूरहून फोन सुरू होतात, कधी आणताय, उष्टावण इकडेच करू, पणजी वाट बघतेय, आणि इकडे न्यू जर्सीत नाहीतर बे एरियात आई-बाबा तिकिटांची साइट उघडतात, पंधरा-सोळा तास हा आकडा बघतात आणि परत बंद करतात. हे त्यांच्यासाठी लिहितेय. माझं ठाम मत आहे की ही तयारी बाळाच्या सामानापासून सुरू करूच नका, स्वतःच्या हातांपासून आणि झोपेपासून करा. बाळाला लागतं थोडंच, दूध, कोरडं डायपर, ऊब आणि ओळखीचं माणूस. त्या माणसाचेच हात भरलेले असतील आणि डोळे मिटत असतील तर बॅगेत काहीही असून उपयोग नाही. म्हणून तिकीट काढताना, बॅग भरताना, काहीही विकत घेताना एकच बघायचं, यानं माझा एक हात मोकळा होतोय का, किंवा मला तासभर झोप मिळतेय का.

वय निवडता येत असेल तर चार ते आठ महिने सगळ्यात सोपं जातं. दोन आणि चार महिन्यांच्या लसी झालेल्या असतात, मान धरलेली असते, रांगणं सुरू झालेलं नसतं आणि विमानातल्या पाळण्यात बाळ मावतं. नऊ महिने ते दीड वर्ष हा काळ खरा अवघड, कारण तेव्हा त्याला खाली उतरून फिरायचं असतं आणि समजावून काही कळत नसतं. पण सुट्ट्या आपल्या हातात नसतात, जायचं तेव्हा जायचंच. फक्त निघायच्या महिना-दीड महिना आधी पिडियाट्रिशियनला भेटा आणि भारतात चाललोय हे सांगा. सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला परदेशी जाण्याआधी गोवराच्या लसीचा एक डोस लवकर देतात, तो नेहमीच्या दोन डोसांमध्ये धरत नाहीत, आणि हे आपण विचारलं नाही तर कधीकधी राहून जातं.

कागदपत्रांचं आता पटकन सांगते. बाळ अमेरिकेत जन्मलं असेल तर आधी बर्थ सर्टिफिकेट, मग अमेरिकन पासपोर्ट, आणि मग ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड) किंवा ई-व्हिसा, याच क्रमानं होतं, एकाशिवाय पुढचं सरकत नाही. पासपोर्टला आई आणि बाबा दोघांनी बाळाला घेऊन जावं लागतं, एकाला जमत नसेल तर त्याचं नोटराइज केलेलं संमतीपत्र लागतं. फोटोसाठी बाळाला पांढऱ्या चादरीवर झोपवा आणि वरून दिवसाच्या उजेडात काढा, स्टुडिओपेक्षा घरी बरा येतो. ओसीआयला वेळ लागतो, तो हातात नसेल तर पहिल्या ट्रिपला ई-व्हिसा काढा, पण सरकारी साइटवरूनच, सर्च केल्यावर वर वर दिसणाऱ्या बऱ्याच साइट एजंटांच्या असतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. मांडीवरच्या बाळालाही स्वतःचा व्हिसा लागतोच. दोघांपैकी एकच जण बाळाला घेऊन जाणार असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र बर्थ सर्टिफिकेटच्या कॉपीबरोबर ठेवा.

आता तिकीट. दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर जातं आणि इंटरनॅशनलला त्याचं भाडं साधारण मोठ्यांच्या दहा टक्के आणि वर टॅक्स असं असतं, पण त्याचं नाव तिकिटावर बुकिंग करतानाच घाला, एअरपोर्टवर करू म्हणून ठेवू नका. थेट विमान घ्यायचं की मध्ये थांबायचं यावर घरोघरी वाद होतात. थेट घ्या, परवडत असेल तर थेटच घ्या, कारण बाळ एकदा झोपलं की त्याला उठवून दुसऱ्या विमानात न्यावं लागत नाही. मध्ये थांबायचंच असेल तर दीड तासाचा लेओव्हर स्वस्त दिसला तरी घेऊ नका, तीन-चार तासांचा घ्या. त्यात बाळाला आंघोळीसारखं पुसून घेता येतं, कपडे बदलता येतात, आपण दोन घास गरम खातो. फ्रँकफर्ट किंवा लंडनवरून गेलं तर दोन जवळपास सारखे तुकडे पडतात, आखातातून गेलं तर एक तुकडा चौदा तासांच्या आसपासचा आणि दुसरा तीनेक तासांचा. मला स्वतःला सारखे तुकडे आवडतात. मात्र मधल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा तुमच्या पासपोर्टला लागतो का हे तिकीट काढायच्या आधी बघा, बाळाचा पासपोर्ट वेगळ्या देशाचा असेल तर दोघांचे नियमही वेगळे असतात.

आणि बॅसिनेट! भिंतीसमोरच्या पहिल्या रांगेत, ज्याला बल्कहेड म्हणतात, तिथे भिंतीला पाळणा अडकवतात. विमानात असे मोजकेच असतात, त्यामुळे तिकीट काढलं की त्याच दिवशी एअरलाइनला फोन करा, साइटवर सीट निवडली म्हणजे पाळणा मिळाला असं होत नाही. वजनाची मर्यादा बहुतेक ठिकाणी १० ते ११ किलोच्या आसपास असते, लांबीचीही असते, आपलं बाळ लांबुळकं असेल तर तेही विचारा. निघायच्या दोन दिवस आधी परत फोन, आणि चेक-इन काउंटरवर परत विचारणा, कारण ऐनवेळी विमान बदललं तर सीट हलतात. या रांगेचे तोटेही माहीत असू द्या. समोर सीट नसल्यामुळे टेकऑफ आणि लँडिंगला सगळं सामान वरच्या कप्प्यात जातं, म्हणून एक दूध, एक डायपर आणि एक फडकं हाताशी आधीच काढून ठेवा. हाताचे दांडे वर होत नाहीत, त्यामुळे आडवं होता येत नाही. आणि विमान हलायला लागून बेल्टची खूण लागली की बऱ्याच एअरलाइन बाळाला पाळण्यातून उचलायला लावतात, नुकतं झोपलेलं बाळ उचलताना जीवावर येतं पण ते ऐकायचं. एवढं करूनही घ्यावा, कारण त्या पाळण्यातल्या दोन तासांत तुमचे हात मोकळे असतात.

बाळाला स्वतःची सीट काढून त्यात कार सीट लावणं हे सगळ्यात सुरक्षित, पैशांची सोय होत असेल तर जरूर करा. कार सीटवर ती विमानात चालते असं छापलेलं लेबल असतं, ते नसेल तर लावू देत नाहीत.

सामानात सगळ्यात मोलाचं म्हणजे अंगाला बांधायचा बेबी कॅरियर. स्ट्रोलर न्या, पण त्याच्यावर विसंबू नका. गेटवर दिलेला स्ट्रोलर मधल्या एअरपोर्टवर दाराशी मिळेलच असं नसतं, कित्येकदा तो थेट मुंबईच्या बेल्टवर येतो, टॅग लावतानाच विचारून घ्या. कॅरियर असला की पासपोर्ट काढायला, बॅग ओढायला, फॉर्म भरायला दोन्ही हात राहतात. टेकऑफ-लँडिंगला मात्र बाळ कॅरियरमध्ये ठेवता येत नाही, तेव्हा क्रू सांगेल तसं धरायचं.

डायपर घरातून निघाल्यापासून घरी पोचेपर्यंतच्या तासांचे मोजा, विमानाच्या तासांचे नाही, तासाला एक आणि वर सहा-सात जास्तीचे. विमानाच्या टॉयलेटमध्ये उभं राहायलाही जागा नसते, तिथे पूर्ण डायपर बॅग न्यायची नाही. घरीच छोट्या झिपच्या पिशव्या करून ठेवा, प्रत्येकीत एक डायपर, थोडे वाइप्स, एक कचऱ्याची पिशवी, आणि दर वेळी एकच उचलून न्या. बदलायची फळी सगळ्या टॉयलेटमध्ये नसते, कुठल्या टॉयलेटमध्ये आहे ते चढल्या चढल्या विचारा. कपडे पुढून चेन असलेले, जास्त बटणांचे नकोत. एक टोपडं, मोजे आणि आजीनं पाठवलेली मऊ दुपटी, कारण रात्री विमानात गारठा असतो आणि ओळखीचा वास असलेलं पांघरूण असलं की बाळ लवकर शांत होतं. आणि स्वतःसाठी एक टीशर्ट. बाळाचे चार जोड घेतात आणि आईचा एकही नाही, मग अंगावर उलटी झाली की त्याच वासात दहा तास.

दुधाबद्दल घाबरू नका. आईचं दूध, फॉर्म्युला, बाळाचं खाणं याला १०० मिलीची मर्यादा लागत नाही, प्रवासाला पुरेल एवढं नेता येतं, बर्फाचे पॅकही चालतात, फक्त सिक्युरिटीला बॅग ठेवण्याआधी बाहेर काढून सांगा. मधल्या एअरपोर्टवर परत तपासणी असते, तिथेही तसंच. काढलेलं दूध बर्फाच्या पॅकसह कूलर बॅगेत २४ तास राहतं, बाहेर ४ तास. फॉर्म्युलावाल्यांनी तयार पातळ फॉर्म्युलाच्या छोट्या बाटल्या घ्या, महाग पडतात पण अंधारात पावडर मोजण्याचा त्रास वाचतो, आणि एकदा पाजायला सुरुवात केली की तासाभरात संपवा नाहीतर टाकून द्या. पावडरच नेत असाल तर बाटलीबंद पाण्यात करा, विमानाच्या टाकीचं पाणी नको. बाटली कोमट करायला क्रूकडून कपात गरम पाणी घ्या, ते खूप कढत असतं, पाजायच्या आधी मनगटावर थेंब टाकून बघायचंच. आणि बाळ मांडीवर असताना आपण गरम चहा घ्यायचा नाही, शेजारच्यालाही विनंती करा, विमान एकदा हललं की भाजतं.

सहा महिन्यांपुढचं बाळ असेल तर घरी भाजून दळलेली तांदूळ-मुगाची पूड न्या, गरम पाण्यात पाच मिनिटांत पेज होते. नवीन पदार्थ मात्र प्रवासाच्या आठवड्यात सुरू करू नका. सहा महिन्यांखाली फक्त दूध, हवा कोरडी आहे म्हणून पाणी पाजायचं नाही, त्याऐवजी दूध जास्त वेळा द्या, आणि पाजणाऱ्या आईनं स्वतः भरपूर पाणी प्यायचं.

कान चढतानापेक्षा उतरताना जास्त दुखतात. नाकामागून कानाकडे जाणारी नळी बाळांची अरुंद असते, बाहेरचा दाब वाढला की ती सहज उघडत नाही, गिळलं की उघडते. म्हणून उतरताना अंगावर पाजा, बाटली द्या किंवा पॅसिफायर द्या. उतरणं लँडिंगच्या अर्धा तास आधीच सुरू होतं, बेल्टची घोषणा होते तेव्हा बराच दाब वाढलेला असतो. म्हणून त्याआधीचं एक दूध थोडं लांबवा, पोट भरलेलं बाळ तेव्हा ओढत नाही. गाढ झोपलं असेल तर उठवू नका. सर्दी किंवा कानाचं इन्फेक्शन असेल तर निघायच्या आधी डॉक्टरांना कान दाखवा. तापाचं औषध बरोबर असावं, डोस बाळाच्या आत्ताच्या वजनाप्रमाणे लिहून घ्यावा. पण झोप यावी म्हणून सर्दीचं सिरप द्या असं कुणी कितीही मायेनं सांगितलं तरी देऊ नका. एवढ्या लहान बाळांच्या श्वासावर त्याचा परिणाम होऊ शकतो, आणि काही बाळं त्यानं उलट बेचैन होतात.

झोपेच्या पाळ्या लावा. दोघं असाल तर चार-चार तास, आणि ज्याची पाळी नाही त्यानं कानात बोळे घालून खरंच झोपायचं, मान वळवून बघायचं नाही. एकटी आई असेल तर बाळ पाळण्यात गेलं की आधी डोळे मिटायचे, पिक्चर नाही, जेवणाचा ट्रे क्रूला बाजूला ठेवायला सांगा, ते ठेवतात. बाळाला छातीवर घेऊन सीटवर आपण झोपून जाणं धोक्याचं आहे, हात सैल पडतो, नाक दाबलं जातं. डोळे आवरत नसतील तर क्रूला सांगा, बाजूच्या काकूंना सांगा. आपल्याकडच्या विमानात "आण इकडे" म्हणणारी एकतरी काकू असतेच. बाळ रडलं तर मागे गॅलीपाशी, म्हणजे क्रूच्या किचनपाशी, घेऊन उभं राहा, हळू आवाजात अंगाई म्हणा, इंजिनाच्या आवाजात कुणाला काही ऐकू जात नाही. शेजाऱ्यांना माफीच्या चिठ्ठ्या आणि चॉकलेटं वाटायची काही गरज नाही, बाळ रडणं हा गुन्हा नाहीये.

मुंबईत टी-टूला उतरल्यावर इमिग्रेशनच्या रांगेत कर्मचाऱ्यांना बाळ दाखवून विचारा, बऱ्याचदा पुढे घेतात. पुण्याला जाणाऱ्यांनी पुढचा टप्पा आधी ठरवा. टॅक्सीत बाळाची सीट नसते, म्हणून आपली कार सीट चेक-इन करून आणावी, बहुतेक एअरलाइन तिचे पैसे घेत नाहीत. मध्यरात्री उतरून लगेच एक्सप्रेसवे धरण्यापेक्षा ठाण्याला-दादरला नातेवाईक असतील तर रात्र तिथे काढा. ड्रायव्हरही पेंगुळलेला असतो, आपणही.

घरी पोचल्यावर दिवस-रात्र पूर्ण उलटी असते, न्यूयॉर्क आणि भारतात साडेनऊ-साडेदहा तासांचा फरक आहे, बाळ रात्री दोनला खेळायला उठणार. आठवडाभर तरी धरून चाला. रात्री उठलं तर दिवा न लावता पाजा, बोलू नका, खेळू नका. सकाळी उठवून कोवळ्या उन्हात गॅलरीत न्या, मग आजीची तेल-मालिश आणि आंघोळ रोज ठरलेल्या वेळी. पहाटे पाचची पाळी आजी-आजोबांना द्या, ते तसेही उठलेले असतात आणि त्या वेळेची त्यांनी महिनोन् महिने वाट बघितलेली असते. पहिले दोन-तीन दिवस भेटायला येणाऱ्यांना थांबवा, हे घरातल्या मोठ्यांकडूनच सांगायला लावा, आणि येणाऱ्यांनी हात धुऊनच बाळाला घ्यायचं. गुटीतून किंवा चाटवायला मध एक वर्षापर्यंत नको म्हणजे नकोच.

परतीचं तिकीट असलं तरी बॅसिनेटसाठी नव्यानं फोन करा, तोवर बाळाचं वजन वाढलेलं असतं. ट्रिपमध्येच दोन वर्षं पूर्ण होत असतील तर परतताना पूर्ण सीट घ्यावी लागते. मुंबईहून बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात, तारीख १५ आणि वेळ साडेबारा असेल तर एअरपोर्टला १४ च्या रात्री जायचं असतं. नाचणी सत्व, मेतकूट, भाजलेल्या पुडी चेक-इनमध्ये टाका, अमेरिकेला जाताना ३५० मिलीच्या वरच्या पावडरी हातातल्या बॅगेत असल्या तर जास्त तपासणी होते, बाळाचा फॉर्म्युला तेवढा चालतो. आणि उतरल्यावर कस्टम्सला खाण्याचं जे काही आहे ते सगळं सांगून टाका.