जुन्या पद्मिनीच्या इंजिनाचा गंज कसा काढावा

प्रीमियर पद्मिनीचं इंजिन 1089 सीसीचं. त्याचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला खालचा मुख्य भाग, बिडाचा आणि त्यावरचं झाकण, म्हणजे हेड, अ‍ॅल्युमिनियमचं. दोन वेगळे धातू आणि दोघांतून फिरणारं एकच पाणी. ते पाणी नळाचं किंवा बोअरचं असलं, की त्यातल्या क्षारांमुळे बॅटरीच्या सेलमध्ये चालते तशी क्रिया सुरू होते आणि तिच्यात आधी खाल्लं जातं ते अ‍ॅल्युमिनियम. त्यामुळे या इंजिनात गंज दोन तऱ्हेचा सापडतो: बिडावर तांबडा, हेडवर पांढरी भुकटी. दोन्हींवर एकच औषध चालत नाही. आमच्या गाडीचं हेड एकदा एका गॅरेजात कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात टाकलं गेलं. कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियमला अक्षरशः खातं. हेड बाहेर आलं ते काळं पडून, खड्डे घेऊन. ते भंगारात द्यावं लागलं, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

पहिला दिवस फक्त तेल पाजण्याचा. इंजिन पूर्ण थंड असताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, पाणी बादलीत सोडा आणि त्याचा रंग बघा. चहासारखं तांबूस पाणी म्हणजे ब्लॉक आतून गंजलाय. मग एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे (इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या बिडाच्या नळ्यांचे) आणि हेडचे नट, थर्मोस्टॅटच्या (पाण्याचं तापमान राखणाऱ्या झडपेच्या) झाकणाचे बोल्ट यांवर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा. सकाळी नट आधी किंचित आवळा, मग सैल करा. त्या छोट्या हालचालीनं गंजाची पकड सुटते. तरीही हलला नाही तर नट तापवा, पण आधी कार्बोरेटर आणि पेट्रोलचा पाइप काढून दूर ठेवा. पाना लांब करून जोर लावाल तर स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा, तुटेल आणि काम चौपट वाढेल.

हेडचे नट बाहेरून आतल्या दिशेनं, थोडे थोडे करून सोडवा. हेड चिकटलं असेल तर फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालू नका. लाकडी ठोकळा धरून बाजूंनी हलके ठोके द्या. हेड आणि ब्लॉकमधल्या जुन्या गॅस्केटमध्ये, म्हणजे सांधा बंद करणाऱ्या पातळ थरात, अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ते ओलं करूनच खरवडा आणि मास्क लावा.

आता तांबडा गंज. बिडाचे आणि लोखंडाचे सुटे भाग रॉकेलनं धुऊन वायर ब्रशनं घासा. मग 1 लिटर पाण्यात 50 ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे आपलं लिंबूसत्त्व, घालून त्यात काही तास बुडवा आणि अधूनमधून काढून बघा. बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, लगेच वाळवा आणि लगेच तेलाचा हात फिरवा. पावसाळ्यात, त्यातून कोकणच्या खाऱ्या हवेत, उघड्या लोखंडावर तासाभरातही नवा गंज दिसू लागतो. ब्लॉकमध्ये मात्र अ‍ॅसिड ओतू नका. सिलिंडर आणि तेलाची भोकं कापडानं बंद करा, बाजूचे गोल पत्र्याचे कोअर प्लग काढा आणि तारेनं गाळ उकरत पाण्याचा जोर दोन्ही दिशांनी सोडा. प्लग परत नवेच बसवा.

पांढऱ्या गंजाला संयम लागतो. प्लॅस्टिकची पट्टी, मऊ पितळी ब्रश आणि रॉकेल, एवढंच. गॅस्केट बसतं तो पृष्ठभाग हातात पॉलिश पेपर घेऊन कधीच घासू नये, तो नकळत वाकडातिकडा होतो. त्यावर सरळ पोलादी पट्टी आडवी, उभी, तिरकी ठेवून खालून फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पात्यांचं माप, घालून बघा. 0.05 मिलिमीटरची पात सहज जात असेल, किंवा पाण्याच्या भोकाभोवतीचे खड्डे गॅस्केटच्या कडेपर्यंत पोचले असतील, तर हेड मशीन शॉपला द्या. खड्डे आर्गन वेल्डिंगनं भरून फेसिंग करून, म्हणजे पृष्ठभाग मशीनवर सपाट करून, मिळतं. लागेल तेवढंच काढायला सांगा. एपॉक्सी लेप भरून वेळ मारून नेऊ नका, हेडच्या उष्णतेपुढे माझा त्यावर विश्वास नाही.

वॉटर पंप, गॅरेजच्या भाषेत वॉटर बॉडी, उघडून त्याची पाती बघा. ती झिजली असतील किंवा बेअरिंग खडखडत असेल तर नवा घ्या. थर्मोस्टॅट आणि पाइपही नवेच.

जोडणी करताना हेड गॅस्केट नवं, मॅनिफोल्डला पितळी नट. हेडचे नट मधून बाहेरच्या क्रमानं, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानं (किती जोर लागतोय ते दाखवणाऱ्या पान्यानं) मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे आवळा. शेवटी डिस्टिल्ड वॉटर आणि जुन्या इंजिनांना चालणारं हिरवं कूलंट निम्मं-निम्मं भरा. ते चवीला गोड आणि विषारी असतं. सांडलेलं लगेच पुसा, कुत्री-मांजरं चाटतात.

रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघडून ठेवा आणि मग इंजिन चालू करा. सुरुवातीला अडकलेल्या हवेचे बुडबुडे येतील. गरम झाल्यावरही ते थांबले नाहीत, तर गॅस्केट धरलेलं नाही आणि हेड पुन्हा उतरवावं लागेल.