पायथ्याचा गढूळ पाझर

नौकाविहारासाठी राखलेल्या आमच्या तळ्याच्या मातीच्या बांधाला पायथ्याशी थोडा पाझर होताच, आणि अशा बांधातून स्वच्छ पाणी झिरपणे स्वाभाविक असल्याने मी निश्चिंत होतो. पण एके दिवशी बाटलीत धरलेल्या पाण्याच्या तळाशी तासाभरात बारीक मातीचा थर बसला. म्हणजे बांध आतून धुपत होता. पाझराचे तोंड सिमेंटने बुजवण्याचा मोह आवरला, कारण कोंडलेले पाणी भरावातला दाब वाढवून दुसरीकडून वाट काढते. अभियंत्याच्या सल्ल्याने तोंडावर आधी वाळू, तिच्यावर खडी आणि शेवटी दगड असे थर रचले, जेणेकरून पाणी निघेल, पण माती अडेल. तळ्याची पातळी मात्र सावकाश उतरवली. घाई केली असती, तर भिजलेला आतला उतार घसरण्याची भीती होती. खणल्यावर सापडले ते मनगटाएवढे कुजलेले मूळ, पूर्वी तोडलेल्या झाडाचे. (बांधावर शोभेसाठी झाडे लावण्याची हौस मला कधीच पटली नव्हती.) ते पोकळीसह काढून, ओलसर चिकणमातीचे पातळ थर धुमसाने चोपत खड्डा भरला. आता दर आठवड्याला पाझराखाली बादली लावतो आणि ती भरायला लागणारे सेकंद तळ्याच्या पातळीसह वहीत टिपतो.