कॉलेज फुटबॉलमधला खेळाडू ड्राफ्टसाठी कसा पारखावा

दरवर्षी एप्रिलच्या अखेरीस अमेरिकन फुटबॉलच्या नॅशनल फुटबॉल लीगचे, म्हणजेच एनएफएल या व्यावसायिक लीगचे, ३२ संघ सात फेऱ्यांमध्ये मिळून अडीचशेहून अधिक कॉलेज खेळाडू निवडतात; या निवडीलाच ड्राफ्ट म्हणतात. आदल्या हंगामात सर्वांत खराब कामगिरी झालेल्या संघाकडे प्रत्येक फेरीतली पहिली निवड येते आणि शालेय शिक्षण संपून किमान तीन वर्षे झालेला खेळाडूच या ड्राफ्टसाठी पात्र ठरतो. प्रत्येक संघाचे स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे लोक, वर्षभर विद्यापीठे पालथी घालतात, सराव पाहतात, प्रशिक्षकांशी बोलतात. तरीही १९९८ साली दुसऱ्या क्रमांकावर निवडलेल्या रायन लीफची कारकीर्द काही वर्षांतच आटोपते आणि २००० साली टॉम ब्रेडी सहाव्या फेरीत, १९९व्या क्रमांकापर्यंत शिल्लक राहतो. हे मार्गदर्शन अशा वाचकासाठी आहे, ज्याच्याकडे संघांसारखी साधने नाहीत, पण जो शनिवारचे कॉलेज सामने मनापासून पाहतो आणि दुसऱ्यांच्या याद्या वाचण्याऐवजी खेळाडूबद्दल स्वतःचे मत बनवू इच्छितो.

पारख चुकण्याचे सर्वांत मोठे कारण, माझ्या मते, एकच आहे. डोळा चेंडूमागे धावतो आणि त्यामुळे खेळीचा निकाल म्हणजेच खेळाडूची गुणवत्ता असा समज होतो. मोकळ्या मैदानात उभ्या असलेल्या सहकाऱ्याकडे फेकलेला पास टचडाउन ठरतो, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात पोहोचून गुण मिळतात. अचूक फेकलेला पास सहकाऱ्याच्या हातून निसटतो आणि प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडतो. आकडेवारीत पहिला पास उजळ दिसतो आणि दुसरा डाग म्हणून राहतो, पण व्यावसायिक मैदानावर उपयोगी पडणारे कौशल्य दुसऱ्यातच होते. म्हणून प्रत्येक खेळीत आपण पाहत असलेल्या खेळाडूने नेमके काय केले, हे खेळीचे पुढे काय झाले यापासून वेगळे काढून लिहायची सवय आधी लावावी लागते.

ही सवय लावण्यासाठी ऑफेन्सिव्ह टॅकलपासून, म्हणजे आक्रमणाच्या फळीत टोकाला उभा राहून पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचे रक्षण करणाऱ्या खेळाडूपासून, सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सांगेन. त्याला एक व्यावहारिक कारणही आहे. संघांकडे बावीसही खेळाडू एका चौकटीत दाखवणारे चित्रण असते. दूरचित्रवाणीचा कॅमेरा मात्र चेंडूभोवती राहतो, त्यामुळे रिसीव्हर (पास झेलणारा) आणि कॉर्नरबॅक (त्याला अडवणारा बचावपटू) दोन सेकंदांत चौकटीबाहेर जातात. आक्रमणाच्या फळीतले पाच जण मात्र जवळजवळ प्रत्येक स्नॅपला, म्हणजे चेंडू मागे देऊन खेळी सुरू होते तेव्हा, पूर्ण दिसतात. शिवाय या खेळाडूच्या हाती चेंडू येत नसल्याने निकालाने भुलण्याची शक्यता आपोआप कमी होते.

एका खेळाडूचे निदान तीन-चार पूर्ण सामने पाहिल्याशिवाय मत लिहू नये, आणि ते सामने विचारपूर्वक निवडावेत. सर्वांत बलवान प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा एक असावा, परक्या मैदानावरचा एक असावा, आणि ज्या सामन्यात तो खेळाडू वाईट खेळला असे सगळे म्हणतात तो तर हमखास पाहावा, कारण उणिवेचे मूळ तिथेच सापडते. शक्य असल्यास आदल्या हंगामातलाही एक सामना जोडावा, म्हणजे वर्षभरात त्याने काय सुधारले ते कळते. निवडक खेळींच्या फिती अजिबात पाहू नयेत. त्यांत फक्त यश असते. महाराष्ट्रात बसून थेट सामने पाहणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो, की अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी १२ वाजता सुरू होणारा सामना आपल्याकडे शनिवारी रात्री ९.३० वाजता आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथली घड्याळे मागे गेल्यावर १०.३० वाजता सुरू होतो; रात्रीचे सामने रविवारी पहाटे येतात आणि ते नंतर थांबवत-थांबवत पाहणेच अधिक उपयोगाचे ठरते.

आता प्रत्यक्ष टॅकलकडे वळू. स्नॅप झाल्यावर पहिली दोन पावले पाहावीत. पासच्या खेळीत तो मागे सरकताना गुडघे वाकलेले आणि पाठ सरळ ठेवतो, की कमरेतून पुढे झुकतो? कमरेतून झुकणारा खेळाडू तोल हरवतो आणि त्याच्या बाहेरून वळसा घालणारा वेगवान एज रशर, म्हणजे फळीच्या टोकाकडून क्वार्टरबॅकवर धावून जाणारा बचावपटू, त्याला सहज मागे टाकतो. त्यानंतर हात पाहावेत: ते प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर आतल्या बाजूने आणि वेळेवर पोहोचतात का, की खांद्यांच्या बाहेर जातात आणि मग नियमभंगाची खूण म्हणून पंचांचा पिवळा रुमाल पडतो. तिसरी गोष्ट म्हणजे ताकदीचा थेट धक्का बसल्यावर तो एक-दोन पावलांत स्थिरावतो की क्वार्टरबॅकच्या अंगावर ढकलला जातो. बाहेरचा वेग, आतला अचानक बदल आणि सरळ ताकद या तिन्ही हल्ल्यांना तो कसे उत्तर देतो याची स्वतंत्र नोंद ठेवावी, कारण कॉलेजमध्ये अनेकदा एकाच प्रकारचे प्रतिस्पर्धी वाट्याला येतात आणि व्यावसायिक लीगमध्ये तिन्ही हत्यारे बाळगणारा एकच माणूस समोर उभा ठाकतो.

इथे संदर्भ फार महत्त्वाचा असतो. अनेक कॉलेज संघ चेंडू दोन सेकंदांच्या आत फेकून मोकळे होतात. अशा खेळीत टॅकलने एकही रशर आत सोडला नाही, तरी त्याची परीक्षाच झालेली नसते. म्हणून मी थर्ड डाउनला, म्हणजे दहा यार्ड मिळवण्याच्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्या प्रयत्नात, सात यार्डांहून अधिक अंतर बाकी असतानाच्या खेळी वेगळ्या काढून पाहतो. त्या वेळी पास येणार हे बचावाला ठाऊक असते, क्वार्टरबॅकला चेंडू धरून ठेवावा लागतो आणि टॅकलला साहाय्य कमी मिळते. एका सामन्यातल्या अशा दहा खेळी उरलेल्या पन्नास खेळींपेक्षा अधिक सांगून जातात. धावण्याच्या खेळींत मात्र त्याने पहिला माणूस ढकलल्यावर बचावाच्या दुसऱ्या फळीतल्या लाइनबॅकरपर्यंत जाऊन त्याला गाठले का, आणि शिट्टी होईपर्यंत पाय चालू ठेवले का, एवढे पाहिले तरी पुष्कळ.

क्वार्टरबॅकची पारख सर्वांत कठीण आणि तिथेच संघांचे सर्वाधिक नुकसान होते. हाताची ताकद आणि उंची कोणालाही दिसते. पाहायचे असते ते हे, की ठरवलेला पहिला रिसीव्हर अडवला गेल्यावर त्याची नजर आणि पाय पुढच्या पर्यायाकडे एकत्र वळतात का. भोवतीचे संरक्षण ढासळू लागल्यावर तो एक-दोन छोटी पावले सरकून नजर मैदानावरच ठेवतो, की लगेच पळत सुटतो. आणि चेंडू रिसीव्हरच्या धावेच्या पुढे, जिथे फक्त त्यालाच तो घेता येईल अशा जागी पडतो का. पूर्ण झालेल्या पासांच्या टक्केवारीवर विसंबू नये, कारण खेळी जिथून सुरू होते त्या रेषेमागे फेकलेले छोटे पास ती फुगवतात. तरी टक्केवारी अगदीच दुर्लक्षिण्याजोगीही नाही. वायोमिंगच्या जॉश ॲलनने कॉलेजमध्ये सुमारे ५६ टक्के पासच पूर्ण केले होते. बफेलोने २०१८ साली त्याला सातव्या क्रमांकावर घेतले आणि पुढे तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. या उदाहरणाचा आधार घेऊन दर वर्षी एखाद्या अचूकता नसलेल्या बलदंड तरुणाची भलामण होते, आणि मला ती धोक्याची वाटते, कारण ॲलनइतकी सुधारणा करून दाखवणारे फारच थोडे निघतात. उलट आयोवा स्टेटसाठी चार हंगाम खेळलेला ब्रॉक पर्डी २०२२ साली २६२व्या, म्हणजे अगदी शेवटच्या क्रमांकावर निवडला गेला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोकडून सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, खेळला. प्रत्यक्ष सामन्यांतला दीर्घ अनुभव, विशेषतः वाईट दिवसांतून बाहेर येण्याचा अनुभव, अहवालात ठळकपणे नोंदवावा.

रिसीव्हरच्या बाबतीत दूरचित्रवाणीची मर्यादा मान्य करूनच काम करावे लागते. पुनर्चित्रणात तो दिसेल तेव्हा झेलाच्या आधीची दोन पावले पाहावीत: वेगात असताना तो किती चटकन थांबून वळतो आणि वळताना खांदे आधीच उघडून आपला बेत जाहीर करतो का. चेंडू घेऊन धावणाऱ्या रनिंग बॅकच्या बाबतीत मोकळ्या जागेतल्या लांब धावेपेक्षा, जिथे जागाच नव्हती तिथे त्याने मिळवलेले तीन यार्ड अधिक बोलके असतात.

मोजमापांकडे यानंतरच यावे. फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चच्या सुरुवातीला इंडियानापोलिस शहरात कंबाइन हे चाचणी-शिबिर भरते. तिथे तीनशेहून अधिक खेळाडूंची उंची, वजन, हातांची लांबी मोजली जाते, वैद्यकीय तपासण्या होतात, ४० यार्डांची, म्हणजे सुमारे ३६.६ मीटरची धाव घेतली जाते, उड्या मोजल्या जातात आणि २२५ पौंडांचे, म्हणजे सुमारे १०२ किलोंचे वजन छातीवरून किती वेळा उचलता येते ते पाहिले जाते. आपला अहवाल कंबाइनच्या आधी पूर्ण लिहून ठेवावा, हा माझा पक्का नियम आहे. आकडा आधी कळला की डोळ्यांना तोच दिसू लागतो. २०१७ साली जॉन रॉस ४.२२ सेकंदांत धावला, तो कंबाइनमधला तेव्हाचा विक्रम होता आणि सिनसिनाटीने त्याला नवव्या क्रमांकावर घेतले. त्याच ड्राफ्टमध्ये ईस्टर्न वॉशिंग्टनचा कूपर कप, ज्याला ४.६२ सेकंद लागले होते, तिसऱ्या फेरीत ६९वा निवडला गेला. कपने २०२१ च्या हंगामात १४५ झेल, १,९४७ यार्ड आणि १६ टचडाउन अशा तिन्ही बाबतींत लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला. तो लहान पातळीवरच्या विद्यापीठातून आला होता, हा आक्षेपही सामने पाहून तपासता आला असता: २०१५ साली ओरेगॉनसारख्या मोठ्या संघाविरुद्ध त्याने १५ झेल घेऊन २४६ यार्ड मिळवले होते. लहान विद्यापीठाच्या खेळाडूचा असा एखादा तरी सामना शोधून काढणे हे स्काउटचे कामच आहे.

तरीही मोजमापे निरुपयोगी नाहीत. आपण जे पाहिले त्याच्याशी आकडा जुळत नसेल तर पुन्हा सामन्याकडे जावे, हा त्यांचा खरा उपयोग. लुइझियाना स्टेटचा लेफ्ट टॅकल विल कॅम्पबेल याच्या हातांची लांबी २०२५ च्या कंबाइनमध्ये ३३ इंचांहून कमी भरली आणि तो या जागेवर टिकणार नाही अशी चर्चा सुरू झाली. न्यू इंग्लंडने तरीही त्याला चौथ्या क्रमांकावर घेतले. अशा वेळी विचारायचा प्रश्न असा, की लांब हातांच्या रशरने त्याच्या छातीला आधी हात लावला तेव्हा काय झाले, आणि त्याचे उत्तर फक्त सामन्यांच्या चित्रणातच मिळते. ॲरन डोनाल्ड तर २०१४ साली त्याच्या जागेच्या मानाने ठेंगणा आणि हलका मानला गेला, १३व्या क्रमांकावर गेला आणि पुढे तीन वेळा लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला.

हंगाम संपल्यावर अलाबामातल्या मोबील शहरात होणारा सीनियर बोल हा ड्राफ्टसाठी इच्छुक खेळाडूंचा प्रदर्शनी सामना आणि विशेषतः त्याआधीचा आठवडाभराचा सराव चुकवू नये. तिथे टॅकल आणि रशर एकेकटे समोरासमोर येतात. अशा सरावात रशरला मोकळी जागा मिळत असल्याने तो नैसर्गिकपणे वरचढ ठरतो, हे लक्षात ठेवून टॅकलला थोडी सवलत द्यावी आणि पहिल्या दिवशी हरलेला खेळाडू तिसऱ्या दिवशी काय बदल करून येतो याकडे लक्ष द्यावे.

अहवालाची भाषा हा या कामाचा कणा आहे. १९६०च्या दशकात डॅलस काउबॉइज संघाने निवडीसाठी संगणक वापरायचे ठरवले, तेव्हा भारतातून आलेले संख्याशास्त्रज्ञ सलाम कुरेशी यांच्यापुढे मोठी अडचण हीच होती, की प्रत्येक स्काउट आपापल्या शब्दांत लिहीत असे आणि एकाचा ‘चपळ’ दुसऱ्याच्या ‘चपळ’शी जुळत नसे. आजही तेच खरे आहे. ‘ताकदवान आहे, पण कधी कधी कमी पडतो’ हे वाक्य कोणालाही लावता येते. त्याऐवजी ‘सरळ धक्क्याला दोन पावलांत थांबवतो, मात्र रशरने बाहेरचा आव आणून आत वळसा घेतला की डावा पाय आधीच उचललेला असल्याने मागे राहतो, चार सामन्यांत असे सहा वेळा घडले, त्यांतले चार प्रसंग अखेरच्या सत्रातले’ असे लिहिले, तर वाचणारा ते स्वतः पडताळून पाहू शकतो आणि ही उणीव शिकवून दूर होण्यासारखी आहे का, यावर विचार करू शकतो. त्याबरोबर वय लिहावे, कारण २१ वर्षांच्या आणि २४ वर्षांच्या खेळाडूने सारखेच खेळून दाखवले, तर वाढीची शक्यता पहिल्यात जास्त असते. स्वभाव, कौटुंबिक पार्श्वभूमी आणि जुन्या दुखापती यांबद्दल मात्र आपल्याकडे संघांसारखी माहिती नसते. ऐकीव गोष्टी लिहून एखाद्या तरुणाच्या नावाला बट्टा लावण्याचा आपल्याला कोणताही अधिकार नाही. दुखापतीमुळे किती सामने हुकले एवढी जाहीर नोंद पुरेशी आहे.

शेवटी सगळ्यांची एक यादी मांडताना जागेचे मोल विसरू नये. सारख्याच दर्जाचे टॅकल आणि गार्ड (फळीत टॅकलच्या आतल्या बाजूला उभा राहणारा) समोर असतील तर टॅकल वर जातो. क्वार्टरबॅक, टॅकल, एज रशर, रिसीव्हर आणि कॉर्नरबॅक यांच्यासाठी संघ अधिक किंमत मोजतात. खेळाडू कोणाकडे जातो यावरही पुष्कळ ठरते. टेक्सस टेकच्या पॅट्रिक महोम्सला घेण्यासाठी कॅन्सस सिटीने २०१७ साली २७व्या क्रमांकावरून दहाव्यावर झेप घेतली आणि नंतर त्याला जवळजवळ पूर्ण हंगाम अनुभवी ॲलेक्स स्मिथच्या मागे बसवून शिकू दिले. म्हणून ड्राफ्टनंतर प्रत्येक अहवालाखाली संघाचे नाव आणि तिथली परिस्थिती यांवर दोन ओळी जोडाव्यात, मूळ मजकुरात फेरफार करू नये आणि कागद तारखेसह जपून ठेवावेत. तपासणी तिसऱ्या हंगामानंतर करावी. त्याच सुमारास, मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत, पहिल्या फेरीतल्या खेळाडूच्या कराराचे ऐच्छिक पाचवे वर्ष वापरायचे की नाही हे संघांनाही ठरवावे लागते, त्यामुळे त्यांचा निर्णय आणि आपला जुना अहवाल शेजारी-शेजारी ठेवून वाचता येतात.